थिबा राजवाडा पाहताना

रत्नागिरीला आपल्यापैकी पुष्कळांचे जाणे या ना त्या कारणाने होतेच. कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाला घरचे आजारी माणूस मोठ्या दवाखान्यात दाखवायचे असते, आणि शिक्षक मंडळींना तर जिल्हा परिषदेची पायरी चढल्यावाचून गत्यंतरच नसते. दुपारी काम आटोपते आणि गावची एस. टी. सुटायला दोन-तीन तासांचा अवकाश असतो. अशा वेळी स्टँडवर पेंगत बसण्यापेक्षा एक रिक्षा करावी आणि थिबा राजवाडा पाहून यावे. रिक्षावाल्याला ‘थिबा पॅलेस’ म्हणायचे, म्हणजे अधिक काही सांगावे लागत नाही.

गावाच्या एका अंगाला उंचावर ही वास्तू उभी आहे. तीन मजली, उतरत्या कौलारू छपरांची, जांभ्याच्या तांबूस रंगाची. खिडक्यांवर अर्धगोल कमानी आणि त्यांत लाकडी नक्षी. समोर मोकळे आवार. प्रथमदर्शनी एखाद्याला वाटेल, कुणा संस्थानिकाने हौसेने बांधलेला हा वाडा असावा. पण मंडळी, रत्नागिरीला संस्थानिक कधीच नव्हता. हा राजा इथला नव्हे. तो ब्रह्मदेशचा, म्हणजे आज ज्याला म्यानमार म्हणतात त्या देशाचा, शेवटचा राजा. आणि तो इथे राज्य करायला आला नव्हता, कैदी म्हणून आणला गेला होता. ‘राजवाडा’ हे नाव लोकांनी दिले ते मायेने दिले असेल, पण वाड्याचे दार ओलांडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की घर सरकारने बांधले, खर्च सरकारने मंजूर केला, पहारा सरकारी पोलिसांचा होता आणि राजाने कुठे जावे, कुणाला भेटावे हे ठरवायला एक सरकारी अधिकारी नेमलेला होता.

हे घडले कसे ते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे.

ब्रह्मदेशाशी इंग्रजांची तीन युद्धे झाली. पहिले १८२४ ते १८२६, दुसरे १८५२ साली. या दोन युद्धांत किनारपट्टी आणि रंगूनसह दक्षिणेचा सुपीक मुलूख इंग्रजांनी गिळला. उरला तो उत्तर ब्रह्मदेश. तिथे मिंडान नावाचा राजा होता. त्याने १८५७ साली मंडाले ही नवी राजधानी वसवली. १८७८ मध्ये तो वारला आणि त्याचा मुलगा थिबा गादीवर आला. वय एकोणीस-वीस. हा मुलगा विहारात शिकलेला, पाली भाषेची अवघड परीक्षा उत्तीर्ण झालेला. राज्यकारभाराचा अनुभव मात्र शून्य. त्याची राणी सुपयालत करारी बाईच. दरबारात तिचा शब्द चालत असे.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८७९ सालच्या आरंभी मंडालेच्या राजवाड्यात गादीवर हक्क सांगू शकतील अशा ऐंशीच्या आसपास राजपुत्रांना व नातलगांना ठार मारण्यात आले. बेत राणीच्या आईचा आणि दरबाऱ्यांचा होता, राजाला कितपत ठाऊक होते, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण रक्त सांडले ते त्याच्या राजवटीत. तेव्हा हद्दपार झालेल्या राजाबद्दल आपल्याला कळवळा वाटला तरी त्याला देवमाणूस करण्याचे कारण नाही. मुलांना सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात. मुलांना ते झेपते.

आता तिसऱ्या युद्धाचे निमित्त ऐका. त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ नावाची इंग्रज मालकांची एक कंपनी १८६३ साली स्थापन झाली होती. ती ब्रह्मदेशच्या जंगलातला साग तोडून बाहेर विकायची. ओंडक्यामागे राजाला रक्कम द्यायची, असा ठराव होता. राजाच्या दरबाराचे म्हणणे पडले की कंपनी ओंडके जास्त नेते आणि हिशेबात कमी दाखवते. १८८५ साली दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. आपल्याकडे जंगल ठेकेदार आणि वनखाते यांचा तंटा होतो, त्यातलाच हा प्रकार. पण त्याच सुमारास थिबाने फ्रेंचांशी बोलणी सुरू केली होती, आणि फ्रेंच माणूस आपल्या हिंदुस्थानच्या दारात येऊन बसणार ही इंग्रजांची खरी धास्ती होती. दंडाचे प्रकरण आयते हाती आले. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात आगबोटी भरून फौज इरावती नदीतून वर निघाली आणि पंधरवड्यात मंडाले पडले. लढाई अशी फारशी झालीच नाही.

२९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा आणि राणी यांना वाड्यातून बाहेर काढून बैलगाडीतून नदीवर नेण्यात आले. हत्ती आणि सोन्याची पालखी ज्यांच्या दारी, त्यांना बैलगाडी! मंडालेचे लोक रस्त्याच्या दुतर्फा जमले होते. ज्या आगबोटीवर त्यांना चढवले तिचे नाव थूरिया. थूरिया म्हणजे आपलाच ‘सूर्य’ शब्द, ब्रह्मी जिभेवर वळलेला. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचा जाहीरनामा निघाला. पुढे १९३७ सालापर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत म्हणून गणला जात होता, हे आज आपल्या ध्यानीमनीही नसते.

राजाला आधी मद्रासला ठेवले. तिथून जहाजाने एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. आता प्रश्न असा की एवढ्या मोठ्या देशात रत्नागिरीच का? नकाशा समोर धरला तर उत्तर आपोआप मिळते. ब्रह्मदेश बंगालच्या उपसागरापलीकडे, रत्नागिरी अरबी समुद्राच्या काठी. मध्ये अख्खा हिंदुस्थान. पाठीशी सह्याद्रीची भिंत. रेल्वे नाही. कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावायला १९९८ साल उजाडले, यावरून त्या वेळची कल्पना करा. येण्याजाण्याचा मार्ग मुख्यतः समुद्राचा, आणि तोही पावसाळ्यात बंद. म्हणजे जूनपासून चार महिने निसर्गच पहारा देणार, सरकारला वेगळे कुलूप घालायला नको. कोकणातल्या माणसाला ज्या अडचणी पिढ्यान्‌पिढ्या सोसाव्या लागल्या, त्याच सरकारला सोयीच्या वाटल्या! पुढे सावरकरांना स्थानबद्ध करायचे ठरले तेव्हाही याच जिल्ह्याची आठवण झाली. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीतच होते.

आला तेव्हा राजाचे वय सत्तावीस. सोबत राणी सुपयालत, तिचीच धाकटी बहीण असलेली दुसरी राणी, लहान मुली आणि ब्रह्मी नोकरचाकर. चार मुलींपैकी दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासला आणि चौथी रत्नागिरीत. राहायला सरकारी बंगले दिले. वाचकहो, इथेच बहुतेकांची एक चुकीची समजूत होते. पाहायला येणारा माणूस हा वाडा बघतो आणि म्हणतो, ‘अहो, कैद कसली, मजेत राहिला की राजा!’ पण हिशेब मांडून पाहा. राजा १८८६ साली आला. हा वाडा पुरा झाला १९१० च्या अखेरीस. म्हणजे चोवीस वर्षे तो त्या जुन्या बंगल्यांतच होता. जागा अपुरी पडते, मुली मोठ्या झाल्या, असे अर्ज तो करीत राहिला. जवळची रत्ने-माणके एकेक करून बाजारात गेली. सरकारी तनखा ठरलेला होता, पण राजाचा हात सढळ आणि व्यवहाराची अक्कल बेताची, त्यामुळे कर्ज होई आणि मग वरचा अधिकारी कान पिळी. वाडा झाला तेव्हा राजाने पन्नाशी ओलांडली होती. त्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला.

आता वास्तूकडे पाहू या. घाई करू नका.

आधी दगड पाहा. जांभा आपल्या ओळखीचा. चिरेखाणीतून ताजा काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वारा-ऊन लागले की घट्ट होत जातो. म्हणून कोकणात घर बांधायला चिऱ्यासारखी सोय नाही. मोठ्या सरकारी इमारतीलाही तोच दगड वापरला, हे शहाणपणाचे झाले. मग छप्पर पाहा. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सपाट गच्ची केली असती तर चार पावसाळ्यांत गळकी झाली असती. म्हणून छपरे उतरती, वर कौले. मंडालेचा मूळ राजवाडा सगळा सागवानी लाकडाचा, सोन्याचा वर्ख दिलेला, थरावर थर चढलेल्या छपरांचा होता. त्याची हुबेहूब नक्कल इथे नाही. आराखड्याच्या वेळी राजाने आपली आवडनिवड सांगितली होती खरी, पण इमारत सरकारी बांधकाम खात्याच्या वळणाची आहे. त्या काळच्या कलेक्टर कचेऱ्या, डाकबंगले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना नाते लगेच ओळखू येईल. खिडक्यांवरच्या अर्धगोल लाकडी कमानी आणि नक्षी मात्र डोळा खिळवून ठेवतात. लाकडावरून हात फिरवण्याचा मोह होतो, तो आवरावा. पण ते काम पाहताना क्षणभर आठवण करा, या माणसाचे राज्य गेले ते सागाच्या ओंडक्यांच्या हिशेबावरून.

आत संगमरवरी फरशीचे एक दालन आहे. दरबार आणि नाचगाण्यासाठी ते योजलेले. दरबारात बसायचे कुणी, हा प्रश्न तुमच्या मनात येईल, तो रास्त आहे. मुलींच्या कान टोचण्याच्या समारंभासारखे प्रसंग राजाने जमेल तेवढ्या थाटात साजरे केले. इथल्या लोकांना ब्रह्मी रीतीचे दर्शन त्यातून झाले. मागच्या बाजूला राजाच्या उपासनेतली बुद्धमूर्ती आहे. तिथे जरा थांबावे. ब्रह्मदेशात विहाराविहारात ज्याचे बालपण गेले, त्याला ही एवढी मूर्तीच काय ती गावाकडची सोबत.

वरच्या मजल्यावरून आणि जवळच्या ‘थिबा पॉईंट’वरून भाट्याची खाडी दिसते, काजळी नदी समुद्राला मिळते ते दिसते. देखावा फार सुंदर. आपण आहोत मोकळे, आपल्याला सुंदर वाटणारच.

आता शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट सांगतो. याच रत्नागिरीत १८५६ साली लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. टिळक आळीत त्यांचे जन्मघर जपून ठेवलेले आहे. १९०८ साली टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवले कुठे? मंडालेला! ज्या किल्ल्यात थिबाचे सिंहासन होते, त्याच किल्ल्याच्या तटाआडच्या तुरुंगात रत्नागिरीचा हा सुपुत्र जाऊन पडला, आणि त्या वेळी मंडालेचा धनी रत्नागिरीत दिवस मोजत होता. १९१० च्या हिवाळ्यात इकडे थिबा नव्या वाड्यात राहायला आला, तिकडे टिळक पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत बसले होते. टिळक १९१४ साली सुटून आले. राजा सुटला नाही.

इंग्रजांची ही जुनी रीत होती. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्यांनी रंगूनला नेऊन ठेवले. तो १८६२ साली तिथेच वारला. इकडचा बादशहा तिकडे, तिकडचा राजा इकडे. माणूस आपल्या मुलखात कैद असला तर लोक त्याच्या भोवती जमतात. परमुलखात ना भाषा, ना नातीगोती, ना त्याच्या नावाचा दबदबा. भिंती उंच बांधण्याची गरजच राहत नाही.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. तीस वर्षे रत्नागिरीत काढून. त्याची धाकटी राणी आधीच, १९१२ साली, गेली होती. सुपयालतचा हट्ट असा की राजाचा देह मंडालेला नेऊन तिथेच पुरायचा. सरकारला ते मंजूर नव्हते, कारण मेलेल्या राजाच्या थडग्याभोवतीही लोक जमतात. राणी देह ताब्यात देईना, सरकार नेऊ देईना. अखेर १९१९ साली सरकारने रत्नागिरीतच दोघांना समाधी दिली. त्याच वर्षी राणी आणि मुली परत ब्रह्मदेशला गेल्या, पण मंडालेला नाही, रंगूनला. तिथे १९२५ साली सुपयालत वारली. तिची कबर रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या परिसरात आहे, आणि बहादूरशहाची कबरही तिथून फार लांब नाही.

वाडा रिकामा झाला. मग सरकारी वास्तूचे होते तेच झाले. कधी कचेऱ्या, कधी तंत्रनिकेतनाचे वर्ग. या वापराला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. माझे मत थोडे निराळे आहे. कोकणात बंद पडलेले घर आणि नांदते घर यांतला फरक आपण जाणतो. ज्या घरात दिवाबत्ती होते, कुणीतरी फुटके कौल वेळेवर बदलते, ते घर टिकते. कौल फुटले की पाणी वाशात उतरते, वासा कुजला की भिंत भिजते, आणि बघता बघता जोत्यावर झाड उगवते. वापर चालू होता म्हणून ही वास्तू उभी राहिली असेही म्हणता येईल. आज ती राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित स्मारक म्हणून आहे आणि आत प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. मंडालेच्या मूळ राजवाड्याची गत याहून वाईट झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, तो बाँबवर्षावात जळाला. आज तिथे दिसते ती अलीकडे पुन्हा उभी केलेली प्रतिकृती. म्हणजे राजाचे स्वतःचे घर गेले आणि कैदेचे घर राहिले.

पण मंडळी, या कथेतला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग वाड्याच्या भिंतीत सापडत नाही. राजाच्या थोरल्या मुलीचे मन इथल्याच एका मराठी माणसावर जडले. तो राजाच्या पदरी दरवानाची नोकरी करणारा, घरी बायको असलेला. १९०६ साली तिला मुलगी झाली. घरात केवढा कल्लोळ उठला असेल ते सांगायला नको. १९१९ साली मायलेकी बाकीच्यांबरोबर ब्रह्मदेशला गेल्या खऱ्या, पण तिथे त्यांचा जीव रमला नाही, किंवा त्यांना कुणी रमू दिले नाही. त्या रत्नागिरीला परत आल्या. थोरली राजकन्या १९४७ साली इथेच वारली. तिची मुलगी, राजाची नात, इथल्या चारचौघींसारखी राहिली. मराठी बोलणारी, लुगडे नेसणारी, गरिबीत मुलेबाळे वाढवणारी. २००० साली ती गेली. ज्या ब्रह्मदेशच्या गादीसाठी ऐंशी माणसे मारली गेली, तिची एक वारस रत्नागिरीच्या बाजारात भाजी घेताना आपल्या आयाबहिणींच्या शेजारी उभी राहिली असेल, आणि कुणाला पत्ताही लागला नसेल.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि त्यांनी राजाच्या समाधीचे दर्शन घेतले. तेव्हा कुठे आपल्यापैकी पुष्कळांना समाधी कुठे आहे याची चौकशी करावीशी वाटली! ती शिवाजीनगर भागात आहे. वाड्याइतकी भव्य नाही, तरी चुकवू नये.

सहल न्यायची असेल तर सोमवार टाळा; सरकारी संग्रहालये बहुधा त्या दिवशी बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करून निघा. सातवीच्या पुढची मुले असावीत. बसमध्येच त्यांना भारत आणि म्यानमार दोन्ही दिसतील असा नकाशा दाखवा आणि मंडाले, रंगून, मद्रास, रत्नागिरी ही चार ठिकाणे बोटाने जोडायला सांगा. वाड्यात पोचल्यावर माहिती लगेच ओतू नका. प्रथम विचारा, ‘हे घर कुणाचे असेल असे वाटते? दार कुठून, पहारेकरी कुठे उभा राहत असेल? राजाला समुद्र दिसत होता, त्या समुद्रातून त्याचा देश कोणत्या दिशेला?’ या शेवटच्या प्रश्नाला दहांपैकी आठ मुले पश्चिमेकडे बोट दाखवतात, कारण समुद्र तिकडे आहे. मग नकाशा पुन्हा उघडा. देश पूर्वेला, डोंगराच्या पाठीमागे. समोरचे पाणी त्याच्या गावाकडे जाणारे नव्हतेच, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते आणि ते भाषणाने येत नाही.

भिंतीवर नाव कोरू नये, कोळशाने बाण-बदाम काढू नयेत, हे सांगावेच लागते. जांभ्यावर ओरखडा उठायला वेळ लागत नाही आणि उठला की तो निघत नाही. वेळ उरला तर त्याच फेरीत टिळक आळीतले जन्मघर दाखवा. आधी वाडा आणि मग टिळकांचे घर, असाच क्रम ठेवा. वाड्यात मंडालेचे नाव मुलांच्या कानावरून गेलेले असते. जन्मघरात तेच नाव पुन्हा आले की एखादे चुणचुणीत पोर आपणहून हात वर करते.